आधी स्प्रे गन बाहेर काढा, हेडचं नंतर बघू

प्रश्न: कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचा टी-शर्ट प्रिंटिंगचा छोटा गाळा आहे. ए-३ मापाचं डीटीजी, म्हणजे थेट कापडावर शाईनं छापणारं मशीन आहे. शाई सोडणारं हेड सहा चॅनेलचं (सहा शायांच्या वाटांचं), चार रंग आणि दोन पांढरे. तालमी, मंडळं, कॉलेजची पोरं यांच्या ऑर्डरी असतात. दोन महिने झाले, प्रिंटमध्ये आडव्या रेघा येतात. काळ्या टी-शर्टवर पांढरा करडा दिसतो, सोमवारच्या सुट्टीनंतर मंगळवारी तर जास्तच. अक्षरांच्या कडेला सावली येते. दोन-तीन धुण्यांत रंग उतरतो अशा तक्रारी आल्यात. दिवसातून पाच-सहा वेळा हेड क्लीनिंग मारतो. कधी रेघा जातात, कधी उलट वाढतात. प्रीट्रीटमेंट (छापण्याआधी कापडावर मारायचं द्रावण) मशीनशेजारच्या टेबलावरच स्प्रे गननं मारतो आणि महाग पडते म्हणून नळाचं पाणी घालून थोडी पातळ करतो. एका फुटबॉल संघाच्या जर्सीवर प्रिंट धरलंच नाही. इचलकरंजीहून आणलेल्या कापडाच्या पिशव्यांवर ठिपके-ठिपके आले. मशीनवाला म्हणतो हेड बदला. गणपतीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. काय करू?

उत्तर: हेड बदलू नका, निदान आत्ता तरी. तुमच्या पत्रात पाच-सहा वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यातलं फार तर एक हेडपर्यंत पोचतं. आज नवं हेड बसवलंत आणि त्याच टेबलावर तीच फवारणी चालू ठेवलीत, तर तेही याच वाटेनं जाईल. म्हणून सुरुवात स्प्रे गनपासून करा.

प्रीट्रीटमेंटमध्ये पाण्याबरोबर प्रामुख्यानं कॅल्शियमचे क्षार असतात. शाईतले रंगकण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर सारखा विद्युतभार ठेवलेला असतो. हे क्षार तो भार मोडतात आणि शाई जागच्या जागी गोठते. कापडावर आपल्याला हेच हवं असतं. पांढरी शाई धाग्यात मुरायच्या आत वरच्यावर थांबते, म्हणून काळ्यावर पांढरा दिसतो. पण स्प्रे गनचा तुषार टी-शर्टपुरता राहत नाही. तो हवेत तरंगतो, मशीनमध्ये शिरतो, हेड पुसणाऱ्या वायपरवर, बंद असताना हेड ज्यावर बसतं त्या कॅपच्या रबरावर, हेडच्या तळाशी बसतो. नोझलचं, म्हणजे शाई सोडणाऱ्या भोकाचं, तोंड साधारण २० मायक्रॉनचं, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. जी गोष्ट कापडावर शाई गोठवते तीच तिथेही गोठवते. क्लीनिंग मारलं की वायपर तो चिकट थर पुसण्याऐवजी सगळ्या नोझलांवर सारवतो. ‘कधी रेघा जातात, कधी वाढतात’ याचा उगम बहुतेक इथेच आहे.

तेव्हा फवारणी गाळ्याबाहेर, मागच्या बोळात किंवा दुसऱ्या खोलीत न्या. जागाच नसेल तर मोठं खोकं आडवं ठेवून त्याच्या पाठीला एक्झॉस्ट फॅन लावा, हवा बाहेर जाऊ द्या आणि फवारणीच्या वेळी मशीन झाकून ठेवा. फवारणीचे हातमोजे वेगळे. ते घालून कॅपला, डॅम्परला (हेडवरची शाई गाळणारी छोटी डबी) किंवा शाईच्या बाटलीच्या झाकणाला हात लावायचा नाही. ओला टी-शर्ट मशीनजवळ वाळत घालायचा नाही.

आता बिघाड मशीनचा की कापडाचा, हे वेगळं काढू. नोझल चेक, म्हणजे सगळी नोझलं चालतात का हे दाखवणारी रेघांची जाळी, कापडावर नव्हे, गुळगुळीत पांढऱ्या कागदावर काढा. पांढऱ्या चॅनेलसाठी पारदर्शक ओएचपी शीट घ्या आणि ती काळ्या कागदावर धरून उजेडात बघा. कागदावरची जाळी पूर्ण आणि सरळ आली तर मशीन त्या क्षणी ठीक आहे. मग कापडावर जे बिघडतं ते कापड, प्रीट्रीटमेंट, फाइल किंवा हिट प्रेस (कापड तापवून दाबायचं यंत्र) यांमुळे, आणि त्यावर क्लीनिंग मारणं म्हणजे शाई गटारात ओतणं. प्रत्येक चेकच्या कागदावर तारीख-वेळ घालून तो जपून ठेवा. निदान एका कागदावरून होत नाही, चार कागद शेजारी ठेवल्यावर होतं.

ते चार कागद असे वाचा. प्रत्येक वेळी त्याच ठिकाणच्या त्याच रेघा गायब असतील तर ती नोझलं खरोखर तुंबलेली किंवा मेलेली आहेत. दर वेळी वेगळ्याच रेघा गायब असतील तर नोझल चांगलं आहे, शाईच्या वाटेत हवा शिरते आहे. सुरुवातीला चेक पूर्ण येतो आणि एक मोठं प्रिंट काढल्यावर रेघा गळायला लागतात, तर हेडला शाई पुरत नाही: डॅम्परची जाळी भरली, नळी दुमडली किंवा टाकीचं हवेचं बूच बंद राहिलं. रेघ आहे पण वाकडी पडते, तर नोझलच्या तोंडाशी सुकलेली शाई किंवा कापडाचा तंतू आहे. आणि पिवळ्याच्या रेघांत निळ्याची झाक दिसली तर कॅप शाईनं भरून राहतो आहे, म्हणजे पंप ओढत नाही. किंवा टाक्या हेडपेक्षा उंच ठेवल्यात आणि शाई आपोआप झिरपते आहे.

दिवसातून पाच-सहा क्लीनिंग फार झाली. एक करा, चेक काढा; गरज असेल तर दुसरी. दोन्हींनी फरक पडला नाही तर थांबा आणि तास-दोन तास मशीन कॅपवर बसू द्या. डॅम्पर चोंदलेला असताना लागोपाठ क्लीनिंग मारली की पंप शाईऐवजी हवा ओढतो. कॅपमध्ये फेस साचतो आणि तोच नोझलांत परत शिरतो. दुसरी क्लीनिंग पहिलीपेक्षा वाईट निघण्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

आता हात घालायचा तो खालून वर, स्वस्त भागापासून महाग भागाकडे: वायपर, कॅप, पंपाची नळी, डॅम्पर आणि सगळ्यांत शेवटी हेड.

वायपर म्हणजे रबराची छोटी पट्टी. तिच्या कडेला टी-शर्टचे तंतू आणि शाईची साय जमते. फोमच्या काडीवर शाईच्या कंपनीचंच क्लीनिंग लिक्विड घेऊन ती दोन्ही बाजूंनी पुसा. कड चिरलेली किंवा वाकलेली असेल तर सरळ बदला. कापसाची काडी वापरू नका, तिचे धागे सुटतात. हेडचा तळ तर कशानंही घासायचा नाही; पुसायचा तो फक्त आजूबाजूचा पत्रा.

कॅपची परीक्षा अशी: हेड बाजूला सरकवा, कॅपमध्ये क्लीनिंग लिक्विड काठोकाठ भरा आणि पाच मिनिटं बघा. पातळी तशीच राहायला हवी. मग क्लीनिंग सुरू करा. लिक्विड झर्रकन खेचलं गेलं पाहिजे. भरल्या भरल्या खाली जात असेल तर कॅप किंवा नळी गळते. खेचलंच जात नसेल तर नळी सुटली आहे, तुंबली आहे किंवा पंप गेला आहे. कॅपचा रबरी काठ बोटाला सगळीकडे सारखा मऊ लागला पाहिजे. एका जागी सुकलेल्या शाईची खपली असली तरी तिथून हवा शिरते, हेड रात्रभर उघडं पडल्यासारखं राहतं आणि सकाळी नोझलं गायब. रोज बंद करताना काठ पुसा आणि कॅपमध्ये लिक्विडचे काही थेंब टाकून हेड त्यावर बसवा. मशीन नेहमी त्याच्या बटणानं बंद करा. भिंतीवरचं बटण थेट बंद केलं तर हेड कॅपवर न बसता मध्येच उभं राहतं. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हाही नेमकं हेच होतं, म्हणून हेड जागेवर नेऊन मशीन बंद करता येईल एवढा वेळ टिकणारा यूपीएस हवाच.

डॅम्परच्या आत बारीक जाळी असते. पांढऱ्याची जाळी रंगांच्या कितीतरी आधी भरते. हेडच्या किमतीपुढे डॅम्पर किरकोळ, तेव्हा दोन्ही पांढरे डॅम्पर आत्ताच नवे टाका. बसवताना नटाखालची रबरी रिंग नीट बसली का ते बघा. ती चिमटली तर तिथूनच हवा येते. डॅम्पर हेडवर चढवण्याआधी सिरिंजनं शाई ओढून निम्म्यापेक्षा जास्त भरा. सिरिंजनं ओढायचं, हेडमध्ये जोरानं ढकलायचं नाही. आतले पातळ पडदे त्या दाबानं फाटतात आणि मग खरंच नवं हेड लागतं.

काही नोझलं त्याच जागी हट्टानं बंद असतील तर रात्रभर भिजवा. कॅप लिक्विडनं भरा, हेड त्यावर बसवा, सकाळी एक क्लीनिंग आणि चेक. रेघा थोड्या जरी परत आल्या तरी उपाय लागू पडतो आहे असं समजा आणि पुन्हा दोन रात्री करा. काचा पुसायचं लिक्विड, थिनर, ॲसिटोन, गरम पाणी किंवा नळाचं पाणी यातलं काहीही हेडला लावू नका. थिनर आणि ॲसिटोन हेडमधला गोंद सोडवतात, तर नळाच्या आणि विशेषतः बोअरच्या पाण्यातले क्षार शाई गोठवतात, प्रीट्रीटमेंटसारखेच. दोन कंपन्यांच्या शाया एका टाकीत मिसळू नका. रंग जुळला तरी आतली रसायनं जुळतीलच असं नाही आणि एकदा का नळीत चोथा झाला की सगळी वाट धुवावी लागते.

मंगळवारचा करडा पांढरा हे वेगळं प्रकरण आहे, आणि ते पूर्णपणे तुमच्या हातात आहे. पांढऱ्या शाईतला रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याची घनता पाण्याच्या चौपट, त्यामुळे तो सतत खाली बसतो, टाकीतही आणि नळी-डॅम्परमध्येही. सोमवारी मशीन थांबलं की टाकीत खाली गाळ आणि वर पातळ पाणी. मंगळवारी सकाळी हेडला मिळतं ते पातळ. नोझल चेक पूर्ण येतो, तरी कापडावर पांढरा करडा. लोक इथेच फसतात आणि पुन्हा क्लीनिंग मारतात.

रोज सकाळी पांढऱ्या टाक्या सावकाश ढवळा. टाकी सुटत असेल तर ती हळूहळू उलटी-सुलटी करा. घुसळू नका, फेस होतो. बुडबुडे बसायला अर्धा तास द्या. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी डॅम्परमधून सिरिंजनं प्रत्येक पांढऱ्याची ५ ते १० मिली शाई ओढून काढा, म्हणजे नळीतली बसलेली शाई निघून ढवळलेली पुढे येते. ओढलेली शाई स्वच्छ सिरिंजमध्ये असेल तर टाकीत परत घालून ढवळता येते; कॅपमधून आलेली मात्र टाकून द्या. मशीन चार-पाच दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर पांढरे चॅनेल क्लीनिंग लिक्विडनं धुऊन भरून ठेवा. बाटलीवरची मुदतही बघा. जुन्या पांढऱ्याचा गाळ इतका घट्ट बसतो की ढवळूनही तो सारखा होत नाही.

प्रीट्रीटमेंट पातळ करण्याची बचत तुम्हाला महाग पडते आहे. क्षार कमी पडले की पांढरी शाई धाग्यात मुरते, मग पांढरा दिसावा म्हणून तुम्ही दुप्पट शाई मारता, आणि पांढरी शाई प्रीट्रीटमेंटपेक्षा कितीतरी महाग. वर नळाच्या पाण्यानं प्रमाण रोज बदलतं. काही कंपन्या पातळ करायला सांगतात. ते बाटलीवर असेल तेवढंच, आणि डिस्टिल्ड वॉटरनंच.

किती मारायचं ते डोळ्यानं नाही, काट्यावर ठरवा. किराणा दुकानात असतो तसा एक ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. कोरडा टी-शर्ट ठेवून काटा शून्य करा, फवारा, परत ठेवा. काळ्या सुती टी-शर्टवर ए-३ एवढ्या भागाला साधारण १५ ते २५ ग्रॅम लागतं. नेमका आकडा तुमच्या प्रीट्रीटमेंटच्या पत्रकावर असेल. १५, २० आणि २५ ग्रॅमचे तीन नमुने एकाच डिझाइननं काढा, धुवा आणि जो टिकेल त्यावर थांबा. कमी पडलं तर पांढरा बुडतो. जास्त झालं तर कापडावर चौकोनी डाग उमटतो, शाई ओली-चिकट बसते आणि धुतल्यावर पापुद्र्यासारखी निघते. फवारल्यावर फोमच्या रोलरनं एकाच दिशेनं हलकं फिरवा, म्हणजे वर उभे राहिलेले तंतू झोपतात. ते उभे राहिले तर पांढऱ्या थरातून काळी लव डोकावते आणि प्रिंट राखट दिसतं.

मग हिट प्रेसमध्ये बटर पेपर ठेवून १६० ते १६५ अंशांवर ३० सेकंद दाबा, उघडा, वाफ जाऊ द्या, पुन्हा दाबा. वाफ येणं थांबलं की सुकलं. पावसाळ्यात इथे चूक होते. कापूस मुळातच हवेतलं पाणी धरतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरातली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे सहज जाते, त्यामुळे उन्हाळ्यात पुरलेली वेळ गणपतीच्या आधी पुरत नाही. घड्याळ बघू नका, वाफ बघा. फवारण्याच्या आधीही टी-शर्ट १० सेकंद कोरडा दाबून घ्या. उलट मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी पडते आणि नोझलं वाळतात. मशीनजवळ आर्द्रतामापक लावा, ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करा आणि पंख्याचा झोत मशीनवर येऊ देऊ नका.

अक्षरांच्या कडेची सावली आता बघू. एकच अक्षर जवळून बघा. पांढरी कड अक्षराच्या चारही बाजूंनी सारखी दिसत असेल तर हा सॉफ्टवेअरचा मामला: फाइल छपाईसाठी तयार करणाऱ्या रिप सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्या थराला २ पिक्सेल आत घ्या, गरज पडली तर ३. कड एकाच बाजूला दिसत असेल तर पांढरा आणि रंग यांच्या दरम्यान कापड सरकलं किंवा प्लेटन (टी-शर्ट बसवायची फळी) नेमक्या जागी परतलं नाही. आणि उभ्या रेघा दुहेरी दिसत असतील, आडव्या मात्र स्वच्छ, तर हेडचं जाताना आणि येतानाचं प्रिंटिंग जुळत नाही. सेटिंगमध्ये एकदिशा प्रिंटिंग निवडून तेच अक्षर काढा. सावली गेली तर निदान पक्कं; मशीनमधलं बायडायरेक्शनल अलाइनमेंट करून घ्या.

अलाइनमेंट करूनही ते टिकत नसेल तर एन्कोडर स्ट्रिप बघा. हेडच्या मागे आडवी ताणलेली पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर बारीक काळ्या रेघा. हेड कुठे आहे हे मशीनला तिच्यावरूनच कळतं. तिच्यावर शाईचा तुषार बसला की ठिपके चुकीच्या जागी पडतात. डिस्टिल्ड वॉटरनं किंचित ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं ती एकाच दिशेनं, न ओढता पुसा. तिचं एक टोक स्प्रिंगवर असतं, ते सुटू देऊ नका. ॲसिटोननं तिच्यावरच्या रेघाच पुसल्या जातात.

कडा नुसत्या धुरकट असतील, जणू रंग उडाला आहे, तर कापड आणि हेड यांतलं अंतर जास्त आहे. ते साधारण दीड ते दोन मिलिमीटर असावं. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, दोन कार्डं एकावर एक ठेवली की दीड मिलिमीटरचं माप तयार. ते हेडच्या कडेच्या चौकटीखाली धरून बघा, नोझलांखाली सरकवू नका. शिवण, कॉलर, खिसा यांतलं काही प्लेटनवर उंच राहिलं तर अंतर तिथे कमी होतं आणि हेड घासतं. घासलेलं हेड कुठल्याही लिक्विडनं सुधारत नाही.

मंडळाचे लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून येतात. ते दाबून लहान झालेले असतात, कडा मळकट होतात आणि त्या मळकट पिक्सेलखालीही मशीन पांढरा ठिपका टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. शक्यतो पीडीएफ किंवा कोरलची मूळ फाइल घ्या, नाहीतर प्रत्यक्ष मापात ३०० डीपीआयचं पीएनजी. काळ्या टी-शर्टवर डिझाइनमधला काळा छापू नका, तो भाग रिकामा सोडा. कापडाचाच काळा तिथे चांगला दिसतो.

धुण्यात रंग उतरणं हे बहुतेक हिट प्रेसचं काम आहे. पाण्यावर आधारित शाईतलं पाणी आधी उडून जावं लागतं, मगच तिच्यातला बाइंडर वितळून धाग्याला धरतो. प्रेसच्या डिस्प्लेवर १६५ दिसतात ते सेन्सरच्या जागचे. पाटाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये वेगळी उष्णता असू शकते. तापमान दाखवणारी चिकटपट्टी मिळते, ती पाच ठिकाणी लावून एकदा मोजा. चकचकीत टेफ्लॉनवर इन्फ्रारेड गन चुकीचा आकडा दाखवते. प्रिंट झाल्यावर पाट आधी २०-३० सेकंद कापडाच्या वर टेकू न देता धरा, पाणी जाऊ द्या, मग हलक्या दाबानं ९० सेकंद, किंवा शाईच्या पत्रकात असेल तितका वेळ. जोरानं दाबलं तर ओली पांढरी शाई कापडात घुसते आणि पुन्हा करडी दिसते. प्रिंट थंड झाल्यावर ओल्या पांढऱ्या कापडानं दहा वेळा घासा. रंग कापडावर आला तर शिजलं नाही, वेळ वाढवा. रंग भुकटीसारखा उतरत असेल तर उष्णता कमी पडली. पापुद्रे निघत असतील तर प्रीट्रीटमेंट जास्त किंवा ओली राहिली. गिऱ्हाइकाला चोवीस तास धुवू नका, पहिल्यांदा गार पाण्यात उलटा करून धुवा, असं टी-शर्टबरोबर लिहूनच द्या.

जर्सीचं कारण सरळ आहे. ती डॉट-निटची, म्हणजे पॉलिएस्टरची, आणि तुमची शाई सुतासाठी. पॉलिएस्टरवर तिला धरायला जागाच मिळत नाही, आणि प्रेसच्या उष्णतेनं लाल किंवा गडद जर्सीचा रंग वर चढून पांढरा गुलाबी होतो. संघांची कामं घ्यायची असतील तर पांढऱ्या पॉलिएस्टरवर सब्लिमेशन (उष्णतेनं रंगाची वाफ करून धाग्यात शिरवणं) करा, १९० ते २०० अंश, ४५ ते ६० सेकंद. संपूर्ण जर्सीच पांढऱ्या कापडातून रंगवून शिवून घेतात ती याचसाठी. तयार गडद जर्सीवर नाव-नंबर हवे असतील तर रंग अडवणाऱ्या थराचं, कमी तापमानाचं डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेनं चिकटवायचं) ट्रान्सफर किंवा व्हिनाइल. त्यासाठी तुमचं मशीन वापरू नका.

पिशव्यांचं कापड लूमवरून उतरलेलं ग्रे, म्हणजे न धुतलेलं कोरं, असावं. विणताना धागा तुटू नये म्हणून ताण्याला सायझिंगमध्ये खळ लावतात; ती धुऊन काढली नाही तर शाई कुठे मुरते, कुठे वरच राहते, म्हणून ठिपके. इचलकरंजीत मागतानाच खळ काढलेलं, ब्लीच केलेलं कापड मागा. तिथल्या तिथे परीक्षा करायची तर कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत शोषला गेला तर छापायला योग्य. मोत्यासारखा वर उभा राहिला तर त्यावर खळ किंवा सिलिकॉनचं फिनिशिंग आहे. तिरुपूरहून येणाऱ्या टी-शर्टच्या प्रत्येक नव्या लॉटवरही हा थेंब टाकून बघा. घेताना शंभर टक्के कोम्ब कॉटन आणि १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा माल घ्या.

एवढं करूनही हंगामापुरतं काही नोझलं बंद राहिली तर पासची, म्हणजे हेड एकाच पट्ट्यावरून किती वेळा फिरतं ती, संख्या वाढवा, आठऐवजी सोळा, आणि एकदिशा प्रिंट करा. वेळ दुपटीहून जास्त लागेल, पण गायब नोझलची जागा शेजारचं नोझल भरून काढतं आणि टी-शर्टवर रेघ दिसत नाही. मंडळांच्या ऑर्डरी अशा निघू शकतील.

हेड खरोखर गेलं हे कधी मानायचं? नवा वायपर, नवा कॅप, नवे डॅम्पर, ताजी शाई आणि तीन रात्री भिजवूनही त्याच जागच्या त्याच रेघा गायब राहिल्या तर. किंवा एखादा पूर्ण चॅनेल छापत नाही, पण क्लीनिंगच्या वेळी त्याच रंगाची शाई कॅपमध्ये व्यवस्थित उतरते. म्हणजे वाट मोकळी आहे, बिघाड विजेचा आहे. तेव्हाही आधी हेडला जाणारी चपटी केबल काढून तिच्या टोकांवर शाई लागली आहे का ते बघा. ओली केबल तशीच लावून मशीन चालू केलं तर हेडबरोबर बोर्डही जळतो. हेड घ्यायची वेळ आलीच तर त्यावर छापलेला आयडी क्रमांक तुमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये भरावा लागतो का, हे मशीनवाल्याला पैसे देण्याआधी विचारा. अनेक मशीनांत त्या क्रमांकावरून हेडला किती व्होल्टेज द्यायचं ते ठरतं, आणि तो न भरताच हेड चालवलं तर रंग सगळेच फिके किंवा गडद पडतात.